चष्म्याचा वाढता नंबर आणि दोन स्वतंत्र खाती

व्यापारी घरात मुलाचा चष्मा हा फारसा चर्चेचा विषय नसतो. आठवी-नववीत नंबर लागतो, वर्षभरात वाढतो, मोबाइलला दोष दिला जातो, रात्री बदाम भिजत घातले जातात आणि बाजारपेठेतील नेहमीच्या चष्मेवाल्याकडून नवी काच बसवून घेतली जाते. बहुतेक मुलांच्या बाबतीत एवढ्याने भागतेही. परंतु काही मुलांचा नंबर सहा-सहा महिन्यांनी बदलत राहतो, त्यातही चिठ्ठीवरचा 'सिलिंडर'चा आकडा चढत जातो आणि नवा चष्मा घालूनही फळ्यावरची अक्षरे स्वच्छ होत नाहीत. अशा मुलांपैकी काहींना जो विकार असतो, त्याचे नाव केरॅटोकोनस.

बँकेच्या नोकरीत माझा संबंध आकड्यांशी आला, डोळ्यांशी नव्हे. त्यामुळे या लेखाला वैद्यकीय सल्ला समजू नये. तो नेत्रतज्ज्ञांकडूनच घ्यावा. तरीही हा विषय घेण्याचे कारण असे की, डहाणू आणि तलासरीकडच्या परिचित कुटुंबांत गेल्या काही वर्षांत हे नाव कानावर येऊ लागले आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोंधळ आढळला. एका वडिलांनी तो नेमक्या शब्दांत मांडला : "साहेब, एवढा खर्च केला, लेझर पण झालं, आणि पोराला होतं तेवढंच दिसतंय. मग आम्ही केलं काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उपचारापूर्वीच त्यांना समजले असते, तर वर्षभराचा मनस्ताप वाचला असता.

डोळ्याच्या अगदी पुढे, काळ्या बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची मध्यभागातील जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक, म्हणजे साधारण ५४० मायक्रॉन. एवढ्या पातळ पडद्याकडे डोळ्यात येणारा प्रकाश एकवटण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम असते, आणि ते त्याच्या गोलाईवर अवलंबून असते. केरॅटोकोनसमध्ये हा पडदा हळूहळू पातळ होतो आणि पातळ झालेला भाग डोळ्यातील दाबाने पुढे येऊन शंकूसारखा आकार घेतो. लिव्हरपूलचे डॉक्टर जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. म्हणजे रोग जुनाच आहे. नवे आहे ते त्याला वेळीच पकडणारे यंत्र.

गोल काचेऐवजी वेडीवाकडी काच मिळाल्यावर जे होईल, तेच येथे होते. एका दिव्याचे दोन-तीन दिवे दिसतात, अक्षराच्या खाली त्याची सावली पडल्यासारखी वाटते, रात्री महामार्गावर समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे पसरून पिसारा फुलल्यासारखे दिसतात. दुकानात बसणाऱ्या मुलाला बिलावरचे ३ आणि ८ वेगळे करताना डोळे बारीक करावे लागतात. पुष्कळ वेळा एक डोळा अधिक बिघडलेला असतो आणि दुसरा बरा डोळा निभावून नेतो; त्यामुळे घरच्यांच्या लक्षात यायला उशीर होतो. विकार बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो, विशी-पंचविशीपर्यंत वाढतो आणि तिशी-चाळिशीच्या सुमारास बहुतेकांत स्थिरावतो. म्हणजे दहावी, बारावी, पदवी, दुकानाची जबाबदारी आणि लग्न ही सगळी महत्त्वाची वर्षे नेमकी त्याच्या वाढीची वर्षे असतात.

हा विकार आपल्याकडे किती आढळतो? या प्रश्नाच्या उत्तरासाठी परदेशी जावे लागत नाही. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मन संशोधकांच्या साहाय्याने मध्य भारतातील, म्हणजे आपल्याच विदर्भातील, खेड्यांत तिशीवरील ४,६६७ ग्रामस्थांचे डोळे तपासले आणि त्याचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केरॅटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के निघाले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या एका जिल्ह्यातील १९८६ चा बहुचर्चित आकडा लाखामागे सुमारे ५४ आहे, हे लक्षात घेतले की २.३ टक्के ऐकून छाती दडपते. मात्र ताळेबंद वाचणाऱ्याने आधी तळटीप वाचावी. नागपूरच्या अभ्यासात पारपटलाची वक्रता ४८ डायॉप्टरपेक्षा अधिक असली की ती व्यक्ती रुग्ण धरली होती. तीच मर्यादा ४९ वर नेली की प्रमाण ०.६ टक्के होते आणि ५० वर नेली की ०.१ टक्के. व्याख्या दोन अंकांनी हलली आणि आकडा वीसपट उतरला! तेव्हा २.३ टक्के हा आकडा भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा नाही. तरीही सर्वांत कडक व्याख्येनेसुद्धा हजारी एक जण उरतो, आणि आपल्याकडे हा विकार दुर्मीळ नाही एवढे त्यातून निश्चित समजते.

दुसरा पुरावा आपल्या व्यापारी समाजाला अधिक जवळचा आहे. इंग्लंडमधील लेस्टर हे गुजराती वस्तीचे शहर. तेथील जैन मंदिर तर अनेक वाचकांनी पाहिलेही असेल. त्या शहरातील नेत्ररुग्णांच्या नोंदींवरून २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आशियाई वंशाच्या लोकांत केरॅटोकोनसचे प्रमाण लाखामागे २२९ आणि गोऱ्या लोकांत ५७ आढळले. म्हणजे शहर एक, रुग्णालय एक, हवा एक, आणि फरक चौपट. शिवाय आशियाई रुग्ण कमी वयात आलेले होते. आनुवंशिकतेचा वाटा यात आहेच; मात्र बहुसंख्य रुग्णांच्या घरात दुसरा रुग्ण सापडत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून कोणाच्या माहेरा-सासरवर बोट ठेवण्याऐवजी सख्ख्या भावंडांचे डोळे एकदा तपासून घेणे अधिक उपयोगाचे.

आनुवंशिकता आपल्या हाती नाही, पण एक गोष्ट आहे : डोळे चोळणे. ॲलर्जीमुळे डोळ्यांना खाज येते, मूल मुठीने डोळे रगडते आणि आधीच कमकुवत असलेला पडदा त्या दाबाने आणखी ढासळतो. सतत डोळे चोळणे आणि केरॅटोकोनस यांचा संबंध अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. आपल्या भागात गवताच्या वखारी आहेत, धान्याची, मिरची-मसाल्याची दुकाने आहेत, महामार्गालगत सिमेंट आणि लोखंडाचा व्यवसाय आहे. धूळ ही आपल्या धंद्याची सोबतीण आहे. पेढीवर बसणाऱ्या मुलाला खाज येत असेल तर ॲलर्जीचे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत आणि थंड पाण्याची घडी बंद पापण्यांवर ठेवावी. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्महिने घालणे मात्र टाळावे. त्याने खाज थांबते आणि काचबिंदू, मोतीबिंदू मागे लागू शकतात.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळतो. केरॅटोकोनसच्या उपचारात दोन स्वतंत्र खाती आहेत. पहिल्या खात्याचे काम तोटा वाढू न देणे. दुसऱ्याचे काम झालेल्या तोट्यातही दृष्टी जास्तीत जास्त सुधारणे. पहिल्या खात्यात भरलेली रक्कम दुसऱ्यात जमा होत नाही. डॉक्टर हे सांगतात, पण घाईच्या ओपीडीत सांगितलेले आणि घाबरलेल्या आई-वडिलांनी ऐकलेले यांत अंतर पडते.

पहिले खाते म्हणजे कोलॅजेन क्रॉस-लिंकिंग. आपल्याकडे त्याला सी-थ्री-आर असेही म्हणतात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थिओ झायलर, एबरहार्ड श्पोर्ल आणि ग्रेगोर वोलेन्झाक यांनी ही पद्धत विकसित केली आणि २००३ मध्ये २२ रुग्णांच्या २३ डोळ्यांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. पारपटलाचा वरचा नाजूक थर बाजूला करून त्यावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब अर्धा तास घालतात. नंतर मूळ पद्धतीत आणखी अर्धा तास अतिनील किरण सोडतात. त्या रासायनिक क्रियेने पडद्यातील तंतूंमध्ये नवे आडवे बंध तयार होतात आणि पडदा ताठ होतो. खाटेच्या सैल झालेल्या नवारीत नवे आडवे पट्टे विणावेत तसे. यात लेझर नसतो. लोक त्याला लेझर म्हणतात आणि लेझर म्हटले की चष्मा जाणार अशी अपेक्षा आपोआप धरतात. निम्मा गोंधळ तेथेच जन्मतो.

या उपचारानंतर दोन-तीन दिवस चांगलेच दुखते, काही आठवडे नजर आधीपेक्षाही धूसर असते आणि खरा परिणाम कळायला सहा महिने ते वर्ष जाते. काही रुग्णांचा शंकू थोडा सपाट होऊन नजर किंचित सुधारते. तो लाभांश समजावा, त्यावर हक्क सांगू नये. जंतुसंसर्ग किंवा व्रण राहण्याचा धोका थोडा असतो, पण असतो. पडदा फार पातळ असेल, साधारण ४०० मायक्रॉनच्या खाली, तर नेहमीची पद्धत चालत नाही, वेगळ्या योजना कराव्या लागतात. उशीर महाग पडतो तो या कारणाने. ब्रिटनमध्ये १० ते १६ वयाच्या मुलांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले : दीड वर्षात केवळ चष्मा-लेन्सवर ठेवलेल्या मुलांपैकी ४३ टक्क्यांचा विकार वाढला, क्रॉस-लिंकिंग केलेल्यांपैकी केवळ ७ टक्क्यांचा. 'परीक्षा होऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्या पालकांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. उलट ज्यांचा विकार पस्तिशीनंतर वर्षानुवर्षे स्थिर आहे, त्यांना या उपचाराची गरज बहुधा नसते; तशी घाई कोणी करू लागल्यास विकार वाढत असल्याचा पुरावा, म्हणजे दोन वेगळ्या तारखांचे नकाशे, मागावा.

आपल्या घरांसाठी एक लहानशी सूचना. उपचारानंतर काही आठवडे थेंबांच्या वेळा काटेकोर पाळाव्या लागतात आणि सुरुवातीला वेदनाशामक गोळीही घ्यावी लागते. घरात कोणाला पर्युषणात अठ्ठाई करायची असेल, तर तारीख त्याच्या बरीच आधी किंवा नंतर घ्यावी.

दुसरे खाते दृष्टी सुधारण्याचे. विकार सौम्य असेल तोवर चष्मा पुरतो. पुढे चष्मा अपुरा पडतो, कारण वाकड्या पृष्ठभागाची भरपाई डोळ्यापासून बोटभर दूर असलेली काच करू शकत नाही. तेथे कठीण कॉन्टॅक्ट लेन्स कामाला येते. साधी मऊ लेन्स डोळ्याचाच वाकडा आकार घेते. कठीण लेन्स आपला आकार सोडत नाही, तिच्या आणि शंकूच्या मधली पोकळी अश्रूंनी भरते आणि प्रकाशाला पुन्हा एक गुळगुळीत गोल पृष्ठभाग मिळतो. ही कल्पना लेन्सइतकीच जुनी आहे. झुरिचचे आडॉल्फ फिक आणि पॅरिसचे युजीन काल्ट यांनी १८८८ च्या सुमारास काचेच्या पहिल्या लेन्स बनवल्या, तेव्हा त्यांच्यासमोर केरॅटोकोनसचे रुग्णच होते. आजच्या कठीण लेन्समधून प्राणवायू जातो. न्यूझीलंडच्या पॉल रोझ यांनी शंकूच्या आकारासाठीच बनवलेली 'रोझ-के' लेन्स भारतातही मिळते. ज्यांना ती टोचते किंवा ज्यांचा शंकू फार टोकदार आहे, त्यांच्यासाठी स्क्लेरल लेन्स आहे. ती आकाराने मोठी, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि पारपटलाला स्पर्श न करता त्यावर निर्जंतुक सलाइनचे तळे धरून राहते. वर्षानुवर्षे अंधूक पाहणाऱ्या तरुणाला अशी लेन्स बसवल्यावर समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, हे नवल मी एका ओळखीच्या मुलाच्या बाबतीत पाहिले आहे. लेन्स काढली की नजर पुन्हा पूर्वीसारखी.

कठीण लेन्स पहिले दोन-तीन आठवडे खुपते. पुष्कळ मुले याच टप्प्यावर ती कपाटात टाकतात आणि वीस हजारांचा असो वा पाच हजारांचा, खर्च वाया जातो. बसवणारा तज्ज्ञ अनुभवी हवा, दोन-तीनदा बदलून देण्याची अट आधीच ठरवून घ्यावी आणि मुंबईच्या फेऱ्या गृहीत धराव्यात. डहाणूहून चर्चगेट सव्वाशे किलोमीटर. तलासरीकरांना आधी महामार्गाने स्टेशन गाठायचे. एका फेरीत काम होणार नाही हे मनाशी ठरवून निघालेले कुटुंब मध्येच सोडून देत नाही. आणखी एक गोष्ट केवळ आपल्याच घरांसाठी : गाळलेले, उकळलेले पाणी पिण्यास उत्तम, पण लेन्स धुण्यास चालत नाही. लेन्सला कोणतेही पाणी लावायचे नसते. त्यासाठीचे द्रावणच वापरायचे. पाण्यातील एका सूक्ष्म जीवामुळे होणारा संसर्ग डोळा गमावण्यापर्यंत नेऊ शकतो. लेन्स घालून विहिरीत किंवा बोर्डीच्या समुद्रात उतरू नये, तेही यासाठीच.

या दोहोंच्या मधले काही उपाय आहेत. पडद्याच्या आत प्लॅस्टिकच्या अर्धवर्तुळाकार कड्या बसवून शंकू सपाट करता येतो, चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी प्लॅस्टिकऐवजी दान केलेल्या पारपटलाच्याच पट्ट्या वापरण्याची पद्धत पुढे आणली. कोणाला काय लागू पडेल हे पडद्याची जाडी आणि शंकूची जागा पाहून ठरते.

लग्नाच्या वयातील मुला-मुलींबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. स्थळ पाहायला सुरुवात होण्याआधी 'नंबर उतरवून' घेण्याची रीत आपल्याकडे रूढ झाली आहे. लॅसिकमध्ये पारपटलाचा काही भाग लेझरने काढून टाकतात. ज्याचा पडदा आधीच कमकुवत आहे, त्याचा आणखी भाग काढणे म्हणजे खचलेल्या भिंतीतून विटा काढणे. लॅसिकनंतर पडदा असा पुढे येऊ शकतो, हे १९९८ मध्ये जगापुढे मांडणाऱ्यांतही तेच झायलर होते. म्हणून लॅसिकपूर्वी पारपटलाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी किंवा पेंटाकॅम, काढलाच पाहिजे आणि डॉक्टरांनी नकार दिला तर दुसरीकडे होकार शोधत फिरू नये. नकार देणाऱ्या डॉक्टरने त्या मुलीचा डोळा वाचवलेला असतो. राहिला प्रश्न सांगण्या-न सांगण्याचा. केरॅटोकोनसने माणूस पूर्ण आंधळा होत नाही, लेन्स घालून तो शिकतो, व्यापार करतो, संसार करतो. मग लपवायचे काय? काही स्त्रियांत गर्भारपणात विकार वाढतो. सासरी माहीत असेल तरच त्या काळात डोळ्यांची तपासणी होईल.

विम्याकडे वळतो, कारण हा माझ्या ओळखीचा प्रांत. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबरच्या दुरुस्तीचा खर्च वगळलेला आहे. क्रॉस-लिंकिंग ही नंबरची दुरुस्ती नसून पारपटलाच्या रोगावरचा उपचार आहे. पण कागदावर 'दृष्टिदोष' एवढेच लिहिले असेल, तर दावा त्या कलमात अडकू शकतो. निदान 'केरॅटोकोनस, वाढता' असे स्पष्ट लिहून घ्यावे, नकाशांच्या प्रती जोडाव्यात आणि पूर्वमंजुरी लेखी मागावी. लेन्सचा खर्च सहसा खिशातूनच करावा लागतो. नवी पॉलिसी घेताना हा आजार जाहीर करावा. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. आणि मुलाच्या चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या फेकू नयेत. तारखेनुसार एका फाइलमध्ये लावल्या की पासबुकाप्रमाणे त्या आपोआप बोलू लागतात. सिलिंडरचा आकडा चढत गेलेला दिसला, तर चष्मेवाल्याकडे न जाता नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

फार वाढलेल्या विकारात कधी पडद्याचा आतला थर फाटतो, डोळ्यातील पाणी पडद्यात शिरते आणि एका दिवसात बुबुळ पांढरे होऊन नजर जाते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पुष्कळदा काही आठवड्यांत सूज ओसरते, पण व्रण राहतो. लेन्सही बसत नाही किंवा व्रणातून दिसत नाही, अशा थोड्या रुग्णांना पारपटल-प्रत्यारोपण लागते. आता शक्य असेल तेथे पडद्याचे पुढचे थर तेवढे बदलतात आणि सर्वांत आतला थर रुग्णाचाच ठेवतात. त्यामुळे शरीराने नवे पटल नाकारण्याचा धोका कमी होतो. टाके महिनोन्महिने राहतात आणि त्यानंतरही अनेकांना चष्मा किंवा लेन्स लागते.

त्यासाठी पारपटल कोठून येते, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही. नेत्रदानाचे संकल्पपत्र अनेक घरांत भरलेले आहे. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा पुष्कळदा पर्युषणाच्या आगेमागेच येतो आणि उपाश्रयाबाहेर त्याची टेबले लागतात. अडचण संकल्पात नाही, अंमलात आहे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्र घेतले गेले पाहिजेत आणि तलासरीसारख्या ठिकाणी रात्री-अपरात्री नेत्रपेढीचा नंबर शोधण्यातच त्यातले दोन तास जातात. जवळच्या नेत्रपेढीचे पथक आपल्या गावापर्यंत येते का, हे आजच फोन करून विचारावे आणि तो नंबर घरातील दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवावा. पथक येईपर्यंत पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवावा, खोलीतील पंखा बंद करावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. चष्मा असलेल्यांचे, मधुमेह असलेल्यांचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचेही नेत्र घेतले जातात. संकल्पपत्र भरलेले नसले, तरी वारसांच्या संमतीने नेत्रदान होऊ शकते.